साठ घरांचा मालवणी मसाला आणि खड्या मसाल्याची खरेदी : एक प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवलीत राहणाऱ्या दोन जावा दर उन्हाळ्यात मालवणी मसाला करून विकतात. सुरुवात सोसायटीतल्या ओळखीच्या चार-पाच घरांपासून झाली, आता गिऱ्हाईक साठ घरांचं आहे. निवडणं, भाजणं, प्रमाण थोरलीकडे. हिशेब, फोन आणि पाकिटं धाकटीकडे. अन्नसुरक्षेची नोंदणी आहे, पाकिटावर चौदा आकडी नंबर छापलेला असतो. मी अशा घरगुती उद्योगांचे हिशेब बघतो, त्यामुळे या प्रकरणातल्या चिठ्ठ्या आणि पावत्या माझ्या हाताखालून गेल्या. दोघींच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांची आणि दुकानांची नावं गाळली आहेत.

त्यांचा एक घाणा दहा किलो मिरचीचा. त्यात बेडगी सहा किलो, शंकेश्वरी साडेतीन, उरलेली लवंगी. धणे अडीच किलो, बडीशेप अर्धा किलो, जिरे, खसखस आणि हळकुंड पाव-पाव किलो. लवंग, काळी मिरी, दालचिनी, दगडफूल प्रत्येकी दोनशे ग्रॅम. तमालपत्र, मसाला वेलची, चक्रीफूल, जायपत्री, नागकेशर, शहाजिरे शंभर-शंभर ग्रॅम. चार जायफळं आणि थोडा खडा हिंग. एका घाण्याचा पंधरा किलोच्या आत-बाहेर मसाला पडतो. असे चार घाणे होतात. मिरची आणि धणे बाजूला काढले तर बाकीचं सगळं सामान घाण्याला जेमतेम पावणेतीन किलो भरतं. पुढचं सगळं प्रकरण या पावणेतीन किलोंचं आहे.

अडचण

पुढे सांगितलेल्या खरेदीच्या आदल्या वर्षी घरात लग्न होतं, म्हणून खरेदी मे संपता संपता झाली. लालबागच्या मिरची गल्लीत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि आभाळ भरून यायला लागलेलं असतं. एका दुकानदाराने सोय करून दिली: दहा किलो मिरचीला लागणारं सगळं खडं सामान एकत्र बांधलेला तयार सेट. शेजारच्या दुकानापेक्षा सेटमागे तीनशे रुपये कमी. असे चार घेतले, बाजूच्याच डंकावर कुटून घेतलं आणि संध्याकाळी करी रोडवरून गाडी पकडली.

गणपतीपासून तक्रारी यायला लागल्या. रस्सा लाल येत नाही, मसाल्याला विटकरी छटा आली आहे, तिखट लागतं पण घरात वास सुटत नाही. एका जुन्या बाईंनी अर्धी बरणी परत पाठवली आणि पैसेही मागितले नाहीत, त्याचं थोरलीला जास्त लागलं.

सेटमधलं थोडं सामान गरजेपुरतं म्हणून डब्यात उरलेलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर आलं. थोरलीने जायपत्री चुरगळून नाकाशी धरली आणि एवढंच म्हणाली, "गो, हेका वासच नाय." ती जायपत्री नव्हतीच, रामपत्री होती. खरी जायपत्री पिवळट-नारिंगी, जाळीदार, बोटात मोडली की कुरकुरते. रामपत्री तांबूस, लांबट दोऱ्यांची, जवळजवळ निर्गंध. काही घरांच्या मसाल्यात रामपत्री मुद्दाम घालतात, त्यामुळे ती विकणं हा गुन्हा नाही. जायपत्रीच्या भावात, जायपत्री म्हणून विकणं हा आहे. लवंगा पाण्यात टाकल्या तर बहुतेक तरंगल्या. तेल काढून घेतलेली लवंग अशीच वर राहते. भरलेली तळाला जाते. दगडफुलात झाडाची साल जवळजवळ निम्मी होती.

मिरचीचा मात्र एक दाणाही उरला नव्हता. त्यामुळे रंग का गेला याचं खात्रीचं उत्तर मिळालं नाही. शिवाय इथे सगळा दोष दुकानावर टाकता येत नाही. मसाला पारदर्शक पाकिटांत भरून खिडकीजवळच्या फडताळावर ठेवला होता. मिरचीचा लाल रंग उजेड, हवा आणि ओल यांनी उतरतो, मग मिरची कितीही चांगली असो.

हिशेब मांडल्यावर काय दिसलं

चार सेटमागे वाचले बाराशे रुपये. साठ किलोवर वाटले तर किलोला वीस. मसाला विकला जात होता नऊशे रुपये किलोने. म्हणजे नऊशे रुपयांच्या वस्तूत वीस रुपये वाचवायला गेल्या आणि जिच्यासाठी लोक नऊशे देतात ती गोष्टच गेली. खड्या मसाल्यात आपण वजन विकत घेत नसतो, त्यातलं उडून जाणारं तेल विकत घेत असतो. जायपत्री किलोभर मसाल्यात सहा-सात ग्रॅम पडते. तिचा भाव दुप्पट झाला तरी पाकिटाच्या किमतीवर फार फरक पडत नाही. उलट मिरचीत किलोमागे पन्नास रुपये इकडेतिकडे झाले की सगळा हिशेब हलतो. काटकसर करायचीच तर ती मिरचीत, वेळ साधून करायची. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात: मिरचीचा भाव आधीच ठरलेला असतो म्हणून घासाघीस लवंग-वेलचीवर होते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता त्याच दुकानात जाऊन भांडण्याचा. पण हातात पावती नव्हती, नुसती आकडे लिहिलेली चिठ्ठी होती. ती कोणत्या दुकानाची हे चिठ्ठीवरून सिद्धही झालं नसतं. हा विचार तिथेच संपला.

दुसरा, नवी मुंबईतलं बाजार समितीचं (एपीएमसी) मसाला मार्केट. भाव चांगला, पण तिथला व्यवहार गोणीचा. बेडगी, शंकेश्वरी, लवंगी अशा तीन गोण्या घ्यायच्या तर उरलेली मिरची विकायचं दुसरं काम मागे लागलं असतं.

तिसरा, केरळातून ऑनलाइन मागवणं. सीलबंद, तारीख छापलेलं, वेलची-मिरीची प्रत लिहिलेली. धाकटीचा ओढा इकडे होता. थोरलीचं म्हणणं, वास न घेता लवंग घ्यायची म्हणजे फोटो बघून मासे घ्यायचे. माझं मत धाकटीच्या बाजूला झुकत होतं, निदान मिरी आणि वेलचीपुरतं. पण नागकेशर, दगडफूल, शहाजिरे असल्या किरकोळ सामानाला तिथेही भरवसा नव्हता.

तयार पूड घेण्याचा विषय कोणी काढलाच नाही. दळलेल्या मालात डोळ्यांना काही कळत नाही.

ठरलं ते असं: मिरची-धणे लालबागेत, पण मार्चमध्ये, आणि बारीक सामान फक्त खडा मसाला व काष्ठौषधी विकणाऱ्या एका जुन्या दुकानातून. एक दुकान, एक पिशवी, एक फेरी ही सोय सोडून द्यायची.

बारीक सामानाची खरेदी

हे दुकान अरुंद, खोल, भिंतीला पत्र्याच्या डब्यांची रांग. लवंग तीन भावांची, दालचिनी दोन जातींची. पहिल्या फेरीत एकही वस्तू घाण्यापुरती घ्यायची नाही असं ठरवून दोघी गेल्या होत्या. प्रत्येक वस्तू पंचवीस ग्रॅम, वेगळ्या कागदात, वर भाव लिहून. दुकानदाराला हे फारसं रुचलं नाही. "ताई, इतक्या पुड्या बांधत बसलो तर माझा दिवस जायचा." थोरलीने शांतपणे सांगितलं, "काका, आवडलं तर चार घाण्यांचं सामान तुमच्याकडूनच नेणार आहोत." मग त्यांनी पोराला पुड्या बांधायला बसवलं.

नागकेशर मागितल्यावर काकांनी विचारलं, "मसाल्याचं की औषधाचं?" दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. औषधाचं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पिवळसर केसर. मसाल्यात घालतात ते काळपट, देठासकटचं, टोपीत बसलेल्या मिरीच्या दाण्यासारखं दिसतं. ती दालचिनीच्या जातीच्या झाडाची कच्ची फळं. गेली कित्येक वर्षं चिठ्ठीवर नुसतं "नागकेशर" लिहिलं जात होतं आणि हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दुकान कसं आहे हे कळायला मला हा एक प्रश्न पुरेसा वाटतो. ज्याला दोन्ही ठाऊक आहेत तोच विचारतो.

दुकानात बसून वास घेण्यात अर्थ नसतो. तिथल्या हवेतच पंचवीस वास मिसळलेले असतात, चौथ्या डब्यानंतर नाक थकतं. म्हणून पारख घरी केली. लवंगेला नखाने दाबून तेल सुटतं का पाहिलं, टोपीसकट किती आहेत ते मोजलं, पाण्यात टाकली. मधल्या भावाची लवंग महागड्याइतकीच बुडाली. फरक फक्त आकाराचा होता. मधली घेतली. मिरी पाण्यात टाकली. तरंगणारे दाणे पपईच्या बिया असतात किंवा पोकळ मिरी, दोन्ही नको असतात. दगडफूल ताटात पसरलं. ते वरून राखाडी-पांढरट आणि खालून काळं असतं, वजनाला काहीच नसतं. म्हणूनच त्यात सालीचा एक तुकडा आला तरी आपण मूठभर दगडफुलाचे पैसे त्या तुकड्याला देतो. हे दगडफूल चाळलेलं होतं, भाव सव्वापट होता, आणि तरीही स्वस्त पडत होतं.

दालचिनीवर मात्र दोघींची गंमत झाली. काकांनी श्रीलंकेची पातळ, सिगारसारखी पदर-पदर गुंडाळलेली दालचिनी दाखवली आणि खरी हीच असं सांगितलं. ते बरोबरच आहे. आपल्या बाजारातली जाड, एकाच पदराची साल ही तिची भाऊबंद, आणि तिच्यात कुमारीन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं, जे रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. मसाल्यातलं प्रमाण त्या मानाने किरकोळ. पाव किलोच्या नमुन्याच्या घाण्यात पातळ दालचिनी घातली, काळ्या वाटाण्याची उसळ केली आणि तीन जुन्या गिऱ्हाइकांना डबे पाठवले. तिघींचंही एकच म्हणणं: चांगली आहे, पण आपली नाही, गोडसर लागते. जाड दालचिनीच कायम झाली. उत्तम माल आणि आपल्याला हवा तो माल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे इथे पैसे न दवडता कळलं. नमुना केला नसता तर साठ पाकिटांतून कळलं असतं.

शहाजिऱ्याच्या दोन प्रतींत कोणालाच फरक कळला नाही. स्वस्त घेतलं.

मिरची

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लालबागेत गर्दी असते पण बोलायला दुकानदाराला सवड असते. बेडगीचं नवं पीक हावेरी जिल्ह्यातल्या बेडगीच्या बाजारात डिसेंबर-जानेवारीपासून यायला लागतं, त्यामुळे तोवर ताजा माल इकडे पोचलेला असतो. मे महिन्यात त्याच ढिगात शीतगृहातली जुनी मिरची मिसळलेली असण्याची शक्यता वाढते.

पहिल्या दुकानातली मिरची चकचकीत होती. हातात घेऊन वाकवली तर वाकली, मोडली नाही. ओल होती. ओल्या मिरचीत आपण पाण्याला मिरचीचा भाव देतो हे एक, आणि घरी नेईपर्यंत आत बुरशी धरते हे दुसरं. दुसऱ्या दुकानातली कानाशी हलवली की बी खुळखुळत होतं, वाकवली की तुटत होती, फाडल्यावर आत करडा डाग नव्हता. तिथेही दोन ढीग: एक बेडगी, दुसरी तशीच सुरकुतलेली, लालभडक, किलोला बरीच स्वस्त. दुकानदाराने स्वतःहून सांगितलं की ती संकरित, २०४३ म्हणून ओळखली जाणारी, आंध्र-तेलंगणाकडची. रंग आज सुंदर दिसतो, पण वास आणि टिकाव वेगळा. हे सांगणारा दुकानदार सोडू नये.

निर्णयाचा खरा पेच इथे आला. दोघींना आधी दोन किलो नेऊन कुटून बघायचं होतं. दुकानदार म्हणाला, आठवड्याने भाव हाच राहील याची हमी नाही आणि हा माल उरेल याची तर मुळीच नाही. धाकटी म्हणे सगळी घेऊन टाकू. थोरली म्हणे गेल्या वर्षी हेच केलं. शेवटी मधला मार्ग निघाला: बयाणा देऊन गोणी त्यांच्या नावाने शिवून ठेवायची, वर खूण करायची, पावती घ्यायची, पसंत न पडल्यास बयाण्यातली निम्मी रक्कम सोडायची. घरी नेलेल्या दोन किलोंतली मूठभर मिरची बरणीत जपून ठेवली. आठवड्याने गोणी उघडली तेव्हा ती मूठ शेजारी धरून पाहिली. माल तोच होता.

डंकावर सकाळी लवकर नंबर लावला. आपल्या आधी कोणाचा कांदा-लसूण मसाला कुटला गेला असेल तर त्याचा अंश आपल्या पहिल्या खेपेत उतरतो. म्हणून आधी स्वतःची दोन मुठी मिरची कुटून ती वेगळी काढली, मग घाणा घातला. एक जाऊ डंकाशी उभी, दुसरी सामानापाशी; यात अविश्वास नाही, लालबागेत सगळेच असं करतात.

खसखशीचा प्रश्न

साठांपैकी काही पाकिटं दरवर्षी लेकी-सुनांच्या सामानातून दुबईला जातात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, सिंगापूरलाही ती सहजासहजी चालत नाही. आजवर काही घडलं नव्हतं म्हणून कोणी विचार केला नव्हता. काकांच्या दुकानात खसखस मागताना त्यांनीच विचारलं, मसाला बाहेर तर जाणार नाही ना? त्यामुळे एका घाण्यात खसखशीऐवजी तीळ घातले आणि त्या पाकिटांवर तसं छापलं. अशा पाकिटांना आता इथूनही मागणी आहे, कारण खसखशीचा भाव.

निष्पत्ती

सामानाचा खर्च किलोमागे पंच्याहत्तरच्या घरात वाढला. विक्रीचा भाव नऊशेऐंशी केला. सात घरं सुटली, त्यातली बहुतेक भावामुळे. पाच नवी जोडली गेली. वासाची एकही तक्रार आली नाही. गणपतीत रंग शाबूत होता. दिवाळीनंतर थोडा उतरला, पण विटकरी झाला नाही. यात चांगल्या मिरचीचा वाटा किती आणि अपारदर्शक पाकिटांचा, कपाटातल्या अंधाराचा किती, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही बदल एकाच वर्षी केले.

एक घाणा मात्र बिघडला. मिरची गच्चीवर वाळत घातली असताना अवकाळी पावसाचा शिडकावा झाला, मग ती घाईने कढईत भाजून कोरडी करताना करपली. तो मसाला घरात आणि नातेवाइकांत वाटला. त्याची भरपाई उरलेल्या घाण्यांतून झाली, त्यामुळे बहुतेक घरांना किलोऐवजी पाऊण किलोच मिळाला.

वेगळं काय करता आलं असतं

आदल्या वर्षीची मूठभर मिरची जपून ठेवली असती तर निम्मे तर्क करावे लागले नसते. आता प्रत्येक वस्तूची एक पुडी, दुकानाचं नाव आणि तारीख लिहून, वर्षभर ठेवली जाते. यापुढे पावतीशिवाय खरेदी नाही, हेही ठरलं आहे.

माझी मोठी हरकत दुसरीच आहे. पाण्यात लवंग बुडवणं, मिरची मोडून बघणं, या पारखीने भेसळ आणि जुना माल कळतो. कीटकनाशकांचे अंश, बुरशीचं विष, सुदान नावाच्या लाल रंगासारखे कृत्रिम रंग कळत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या जंतू मारायला वापरल्या जाणाऱ्या वायूच्या अंशांमुळे कारवाई केली. ते नाकाला किंवा जिभेला कळणारं नव्हतंच. साठ किलोंच्या धंद्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत निदान मिरचीचा एक नमुना पाठवणं जड आहे, अशक्य नाही. धाकटीने चौकशी करून ठेवली होती, पण बयाण्याच्या आठवड्यात अहवाल येणार नव्हता म्हणून विषय मागे पडला. फेब्रुवारीत दोन किलो आणून नमुना आधीच पाठवला असता तर जमलं असतं.

आणि शंकेश्वरी. सगळं लक्ष बेडगीवर आणि बारीक सामानावर राहिलं. घाण्यातली साडेतीन किलो शंकेश्वरी भाव न विचारता, पोत्यात हात न घालता, शेवटच्या दहा मिनिटांत घेतली गेली. ती चांगली निघाली. येत्या मार्चसाठी धाकटीने यादीत तिचंही नाव वर घेतलं आहे, आणि प्रयोगशाळेचा खर्च आणखी तीन मसालेवाल्या बायकांत वाटून घेता येईल का यावर बोलणी चालू आहेत.